सायबाचं कुत्रं आणि वांगेसटीचा नैवेद्य

लातूर जिल्हा झाला तेव्हा आमच्या गल्लीत सगळ्यात आधी पाट्या बदलल्या. दुकानांवरच्या 'जि. उस्मानाबाद'वर चुना फासून 'जि. लातूर' असं लाल रंगात लिहून झालं आणि माणसं येता-जाता त्या पाट्यांकडे आपल्याच पोराचा पहिला नंबर आल्यासारखी बघू लागली. पावसाला मात्र या पाट्या वाचता येत नसाव्यात. तो त्या वर्षी आला, पाटीवरची धूळ बसेल इतका पडला आणि गेला. मृगाचा नाही, हस्ताचा नाही, दिवाळीलाच विहिरींचे तळ दिसायला लागले. पण जिल्हा नवा होता आणि नव्या जिल्ह्याचे साहेब नवे होते, त्यामुळे आमची गल्ली तहानलेली असूनही ऐटीत होती. तहान सगळ्यांनाच लागते, पण जिल्ह्याच्या ठिकाणी लागलेली तहान जरा वरच्या दर्जाची असते, असं बहुधा आमच्या लोकांना वाटत असावं.

आमचे अप्पा भांड्यांचे व्यापारी. पितळी हंडे-कळशांचं दुकान, पण त्या वर्षी पितळेकडे कोण बघतो? प्लास्टिकच्या घागरी मात्र सकाळी मांडल्या की दुपारी संपत. अप्पा रोज विभूती लावून, लिंगपूजा करून दुकानात बसत आणि संध्याकाळी परत येऊन 'पाऊस पडाया पायजे बाबा' म्हणत. त्यांच्या आवाजात मला कधी फारशी कळकळ ऐकू आली नाही, पण ते असो. घरात पाण्याचं सगळं राज्य आईकडे होतं. आई देगलूरकडची. तिच्या बोलण्यात मधेच एखादा तेलुगू शब्द यायचा आणि तो बहुतेक वेळा शिवीचा असायचा. ताटं राखेनं पुसून ठेवायची, धुवायची नाहीत. हात धुतलेलं पाणी तांब्यात धरायचं आणि ते तुळशीला. रात्री हुलग्याचं माडगं, ज्वारीची भाकरी आणि शेंगाची चटणी. माडग्याला पाणी लागतं म्हणून आई ते आठवड्यातून एखाददुसऱ्या वेळीच करायची, आणि केलं की आम्ही पोरं लग्नाच्या पंगतीला बसल्यासारखे बसायचो.

पाणी यायचं टँकरनं. आणि टँकर म्हणजे साहेब, हे आमच्या गल्लीचं सगळ्यात पक्कं ज्ञान होतं. झालं असं होतं, की आमच्या शेजारी सिद्रामप्पांनी नवं घर बांधलं होतं, लोखंडी फाटकाचं. सिद्रामप्पा म्हणजे गल्लीतले वडीलधारे. मोंढ्यात आडत, कपाळभर भस्म आणि प्रत्येक गोष्टीवर शेवटचा शब्द. ते घर त्यांनी नव्या जिल्ह्याबरोबर आलेल्या एका साहेबांना भाड्यानं दिलं. साहेब टंचाईच्या कामावर होते. मग काय विचारता! ज्या दिवशी साहेबांचं सामान उतरलं त्याच आठवड्यात आमच्या गल्लीत टँकर नीट यायला लागला. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच वेळ, पण सिद्रामप्पांनी जाहीर करून टाकलं की ही साहेबांची कृपा. तेव्हापासून साहेबांची जीप दिसली की माणसं ओट्यावरून उठून उभी राहायची. जीप रिकामी असली तरी.

सामानाबरोबर साहेबांचं कुत्रं आलं. मोठं अल्सेशियन, उभ्या कानांचं, पाठीवर काळं. नाव टायगर. आमच्याकडे तोवर कुत्रं म्हणजे गल्लीचं, कुणाचंच नाही असं, आणि हे तर ट्रकमधून गादीवर बसून आलेलं. बघायला अख्खी गल्ली लोटली. पलीकडच्या कलावतीकाकूंनी तर सांगून टाकलं, "त्याला पोळीला तूप लावून लागतंय म्हणं. तूप नसलं तर तोंड बी लावत न्हाई." हे त्यांना कुणी सांगितलं ते त्यांनाच ठाऊक. साहेबांच्या बाईसाहेब मुलांच्या शाळेसाठी पुण्यातच राहिल्या होत्या. साहेब कायम दौऱ्यावर. कुत्र्याचं बघायला नागनाथ नावाचा शिपाई. सुरुवातीला तो सकाळी साखळी धरून टायगरला फिरवायचा, म्हणजे टायगर त्याला फिरवायचा, आणि आम्ही हसायचो.

मी तेव्हा मॅट्रिकच्या वर्षाला. घरात दिवसभर माणसांची ये-जा, म्हणून मी अभ्यासाला माळवदावर जायची. आमच्या माळवदावरून शेजारचं परसू अर्धं दिसायचं. एक लिंबाचं झाड, त्याच्या बुंध्याला साखळी आणि साखळीच्या टोकाला कधी शेपूट, कधी मागचे पाय. बाकीचं कुत्रं भिंतीच्या आड. त्यामुळे मी त्याला बघायची कमी आणि ऐकायची जास्त. आधी ते भुंकायचं, अगदी छाती भरून. मग दिवाळीनंतर ते रडायला लागलं, लांब सूर काढून, संध्याकाळची दिवाबत्ती सुरू झाली की. मग तेही थांबलं आणि नुसती साखळी वाजायची. पुढे साखळी पण क्वचित. मला इतिहासातल्या सनावळ्या कधी पाठ झाल्या नाहीत, पण त्या साखळीचा आवाज कसकसा कमी होत गेला ते आजही सांगता येईल.

मी घरात सांगितलं. जेवताना. "अप्पा, शेजारचं कुत्रं भुंकंना गेलंय. नागनाथ बी दिसंना."

अप्पांनी भाकरीचा तुकडा मोडला. "दुसऱ्याच्या परसात डोकवायचं न्हाई. आभ्यास कर."

आई मात्र दुसऱ्या दिवशी माझ्याबरोबर माळवदावर आली. बराच वेळ बघत उभी राहिली. मग खाली जाऊन भाकरी घेऊन आली आणि नेम धरून लिंबाखाली टाकली. कुत्र्यानं मान लांब करून भाकरी हुंगली आणि तोंड फिरवलं. हे नेमकं कलावतीकाकूंनी त्यांच्या माळवदावरून पाहिलं. झालं! संध्याकाळपर्यंत गल्लीभर निकाल लागला: कुत्र्याचं पोट भरलेलं आहे. ज्याचं पोट भरलेलं असतं तेच अन्नाला तोंड लावत नाही, हे काय सांगायला पाहिजे? वर सिद्रामप्पा आमच्या ओट्यावर येऊन बसले. अप्पांनी त्यांना चहा दिला, त्या पाणीटंचाईत.

"सूनबाईला सांगा जरा," ते अप्पांना म्हणाले, आई दारातच उभी असताना. "सायबाच्या कुत्र्याला शिळी भाकर टाकायची म्हंजी सायबाच्या तोंडावर टाकल्यावानी हाय. उद्या त्यांच्या मनात आलं तर टँकर त्या तिकडच्या गल्लीत जाईल. मग बसा बोंबलत."

"पर त्ये भुंकंना का गेलंय, मामा?" आईनं विचारलं.

"विलायती जात. ती उगं भुंकत नसती. गावठी भुंकतेत." आणि मग जरा विचार करून, "आन् फाटकाला कुलूप हाय. आपण काय करणार?"

फाटकाला कुलूप आहे, आपण काय करणार, हे वाक्य मग गल्लीत प्रत्येकानं प्रत्येकाला ऐकवलं. कुणी मान हलवून, कुणी चुकचुकून. तिथं काहीतरी बरं नाही हे सगळ्यांना कळत होतं, पण चुकचुकण्यावर भागत असेल तर पायात चपला कोण घालणार? साहेब कुठे आहेत, नागनाथ कुठे आहे, हे कुणी विचारायला गेलं नाही. कचेरी गल्लीपासून फार लांब नव्हती. भाजी आणायला माणसं त्याहून लांब जायची.

मी आता नांदेडला मुलाकडे असते, तिसऱ्या मजल्यावर. समोरच्या इमारतीत एकांनी गॅलरीत कुत्रं बांधलंय. मध्यंतरी ते दिवसभर रडत होतं. मोबाइलवरच्या सोसायटीच्या गटात त्याबद्दल चर्चा सुरू झाली. कुणी रडका चेहरा टाकला, कुणी दयेवरचा सुविचार, कुणी कायद्याचं कलम. मी काठी घेतली, जिना उतरले, त्यांचा जिना चढले आणि घंटा वाजवली. पोरगी नवी नोकरी लागलेली, सकाळी आठला जाते आणि रात्री येते. तिला कल्पनाच नव्हती. आता दुपारी खालच्या मजल्यावरची बाई त्याला पाणी-भाकरी करते, फिरवून आणते. सून म्हणाली, "आई, उगीच लोकांच्या भानगडीत कशाला?" मी म्हटलं, मला भानगडींची सवय आहे, माझ्या आईकडून आली आहे.

तर वांगेसट आली. चंपाषष्ठी म्हणतात पुण्याकडे. आमच्याकडे वांगेसट, कारण चातुर्मासात बंद केलेलं वांगं त्या दिवशी पहिल्यांदा चुलीत जातं. खंडोबाचा दिवस. बाजरीचे रोडगे, वांग्याचं भरीत, कांद्याची पात, आणि तळी भरून झाली की पहिला नैवेद्य कुत्र्याला. कुत्रं देवाच्या पायाशी असतं ना, म्हणून. त्या दिवशी कुत्र्याला हाड म्हणायचं नाही, पाय लावायचा नाही. वर्षाचे बाकीचे दिवस दगड मारायला मोकळे.

त्या वर्षी अडचण अशी झाली की गल्लीत कुत्रंच नव्हतं. दुष्काळात माणसं वाळतात आणि कुत्री माजतात. गावाबाहेर मेलेली जनावरं टाकायची जागा होती, सगळी गावठी कुत्री तिकडे सुखानं राहायला गेली होती, आमच्या शिळ्या तुकड्यांवर थुंकून. दुपार व्हायला आली. भरिताचा खमंग वास गल्लीभर सुटलेला, बायका ताटं झाकून दारात उभ्या, उपास सुटेना. पोरं 'यू यू' करत मोंढ्यापर्यंत जाऊन हात हलवत परत आली. तेव्हा सिद्रामप्पा ओट्यावरून उठले, धोतर सावरलं, कमरेच्या करगोट्याला हात घातला आणि एक किल्ली काढली.

त्या फाटकाची किल्ली. घरमालकच ते, त्यांच्याकडे दुसरी किल्ली असणारच. हे गल्लीतल्या एकाही शहाण्याच्या डोक्यात आलं नव्हतं, किंवा आलं असेल तर त्यानं ते हळूच खाली बसवलं होतं. "देवाच्या कामाला सायेब न्हाई म्हणायचे न्हाईत," असं म्हणत सिद्रामप्पांनी फाटक उघडलं. ज्या कुलपासमोर सगळी गल्ली इतके दिवस हात बांधून उभी होती ते एका रोडग्यासाठी उघडलं. मला आजही हे लिहिताना दातओठ खावेसे वाटतात.

आत शिरलो तो आधी वास आला. टायगर लिंबाखाली पडला होता. साखळी बुंध्याला गुंडाळत गुंडाळत इतकी आखूड झाली होती की त्याला धड मान पण वळवता येत नव्हती. त्याच्या बरगड्या दिसत होत्या. पाण्याचं घमेलं लांब भिंतीपाशी, त्यात लिंबाचा वाळका पाला. मला वाटलं आता तरी कुणीतरी काही बोलेल. कलावतीकाकू म्हणाल्या, "किती शांत बसलंय बगा. सणाचं कळतंय त्याला." सिद्रामप्पांनी दिवटी ओवाळली आणि भंडाऱ्याची मूठ त्याच्या डोक्यावर उधळली. येळकोट येळकोट जय मल्हार झालं. त्या उठता न येणाऱ्या जिवाच्या पुढे आमच्या बायकांनी ताटं मांडली, आणि काकूंनी रीतीप्रमाणे तांब्यातलं पाणी ताटाभोवती फिरवलं.

टायगरनं भरिताकडे बघितलं नाही. रोडग्याकडे बघितलं नाही. त्यानं मान जितकी येईल तितकी पुढे ओढली आणि ताटाभोवतीची ओली माती चाटायला लागला. पाण्याची ती एवढीशी रेघ. जीभ बाहेर काढून, मातीसकट.

"खात न्हाई," कुणीतरी दबक्या आवाजात म्हणालं. सगळे सिद्रामप्पांकडे बघायला लागले. त्यांनी डोळे मिटले, उघडले. "देवानं निवद नाकारला," ते म्हणाले. "गल्लीला काहीतरी दोष हाय. म्हणूनच पाऊस न्हाई. जागरण घालावं लागतंय."

आणि माना हलल्या! खोटं नाही सांगत, माना हलल्या. एकीनं तर हात जोडून गालावर मारून घेतलं.

"दोष कशाचा घेऊन बसलाव?" आईचा आवाज असा आला की मी सुद्धा दचकले. "तहान हाय त्याला. तोंडात थुका न्हाई, भाकर गिळंल कसं? म्हणून त्या दिवशी बी न्हाई खाल्ली. आन् आपण पोट भरलंय म्हणलाव." मग एक तेलुगू शब्द. "महानंदे, घागर आण."

घरात एकच भरलेली घागर होती, प्यायची. अप्पा फाटकात उभे होते. त्यांनी मला जाताना पाहिलं, घागर आणताना पाहिलं आणि बाजूला सरकले. एवढं मी त्यांच्या बाजूनं लिहून ठेवते. आईनं आधी साखळी सोडवली, मग ओंजळीनं पाणी पाजायला बसली, एकदम नाही, थोडं थोडं. साखळी सोडवताना तिचा हात गळ्याशी थांबला. पट्टा केसांखाली कातडीत रुतला होता. जखम झाली होती आणि त्यात किडे होते. आईनं मान वर करून सगळ्यांकडे एकदा पाहिलं. त्या नजरेत जे होतं ते मला नंतर कधी कुणाकडे बघताना जमलं नाही, आणि मी पुष्कळ जणांकडे तुच्छतेनं पाहिलंय.

"कचेरीत कोण जातंय?" तिनं विचारलं. आज सणाचं, साहेब दौऱ्यावर असतील, उद्या बघू, असे आवाज आले. आईनं डोक्यावरचा पदर नीट केला आणि माझा हात धरला. लुगडं सणाचं, इरकल, हाताला भंडारा. ती तोवर एकटी चौकाच्या पलीकडे गेलेली मला आठवत नाही. त्या दिवशी ती मला ओढत कचेरीत घेऊन गेली.

साहेब दौऱ्यावर नव्हते. दुष्काळ बघायला वरून मोठे पाहुणे आले होते आणि साहेब त्यांच्याबरोबर दिवस दिवस फिरून मुक्कामाला डाकबंगल्यावर राहत होते. म्हणजे गावातच. खोलीत अर्जवाली माणसं उभी होती. आई त्यांच्यातून वाट काढत टेबलापर्यंत गेली.

"सायेब, तुमचं कुत्रं मरायलंय."

साहेबांना आधी कळेचना. "टायगर? नागनाथ बघतो ना त्याचं."

"नागनाथ गावाकडं गेलाय, साहेब," मागून कारकून म्हणाला. "त्याचे वडील आजारी आहेत. रजेवर आहे तो. आठवडा होऊन गेला."

साहेबांचा चेहरा उतरला. ते वाईट माणूस नव्हते, नुसते मोठे माणूस होते. खुर्चीतून उठत म्हणाले, "मग मला कुणी सांगितलं का नाही? शेजारी एवढी घरं आहेत, कुणालाच ऐकू आलं नाही?"

"आलं की," आई म्हणाली. "आमाला ऐकू आलं आन् आमी गप बसलाव. पर सायेब, आमचं राहू द्या. तुमचं घर हाय, तुमचं जित्राब हाय. तुमी कवा बगायला गेलताव?"

अर्जवाली माणसं जमिनीकडे बघायला लागली. मला वाटलं, गेला आता टँकर. मी मधेच बोलले, "साहेब, रागावून आमच्या गल्लीचा टँकर बंद करू नका."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं ते खरोखर न कळून. "कुठला टँकर? मी खेड्यांचे बघतो. शहरात कुठल्या गल्लीत जातो ते मला काय माहीत, ते नगरपालिकेचं काम."

इतकंच. सगळी गल्ली ज्या भीतीनं मूग गिळून बसली होती तिच्या तळाशी एवढंच होतं, आणि तेही कुणी विचारलं नव्हतं. कुत्र्याची चौकशी केली नाही तशी भीतीचीही केली नाही. आमची माणसं देवाला कौल लावतील, पण माणसाला सरळ विचारणार नाहीत.

जीपमधून आम्ही परत आलो. साहेब परसात गेले आणि त्या घाणीत खाली बसले. 'टायग्या, टायग्या' म्हणाले. त्यानं शेपूट हलवली, तीही मालकाला बघून. मला त्याचा राग आला, कुत्र्याचा. मग गुरांच्या दवाखान्यात नेताना आई जीपमध्ये मागे बसली, इरकल लुगड्यावर त्याचं डोकं घेऊन, आणि गल्ली दोन्ही बाजूंनी उभी राहून बघत होती. डॉक्टरांनी पट्टा कापला, जखम धुतली, सलाईन लावलं आणि म्हणाले, उशीर केलात. आई रोज सकाळी जाऊन बसायची. त्याच आठवड्यात ते गेलं. साहेबांनी शिपायाला पाठवून निरोप दिला. आई चुलीपुढे बसली होती. तिनं पदर तोंडाला लावला आणि रडली. कुत्र्यासाठी कुणी मोठं माणूस रडताना मी पहिल्यांदाच पाहत होते, आणि मीही रडले.

संध्याकाळी माणसं बसायला आली. कुणाच्या घरी काही झालं की यायची रीत असते, आणि रीत म्हटली की आमची गल्ली कधी मागे नाही. ओट्यावर सतरंजी टाकली. कलावतीकाकूंनी सुस्कारे टाकले. सिद्रामप्पा मधोमध बसले होते.

"वांगेसटीला पूजा घेऊन गेलं," ते म्हणाले. "साधंसुधं कुत्रं नव्हतं ते. देवाचंच होतं, देवानं नेलं. मी ठरवलंय, त्या लिंबाखाली त्याचा एक ओटा बांधू. दरसाल निवद तिथंच."

माना हलल्या. अप्पांचीही हलली. एकानं विटा द्यायचं कबूल केलं, दुसऱ्यानं वाळू.

"इटा होतील, वाळू होईल," आई दारातून म्हणाली. "पर ओटा बांधायला पाणी लागतंय, मामा. ते आता कुठनं काढणार हाव?"